अंग कां आंबतें?

दिवाळी आटोपली, थंडी पडूं लागली, आणि घरोघरीं अंगदुखीच्या तक्रारी ऐकूं येऊं लागल्या. या तक्रारींकरितां आपल्या भाषेनें शब्दांची मोठी तरतूद करून ठेविली आहे. अंग आंबतें, मोडून येतें, ठणकतें. मांड्या भरून येतात, पोटरींत गोळा येतो, मान अवघडते, कंबर धरते, पाठींत उसण भरते. यांतील कोणत्याही दोन शब्दांचा अर्थ अगदीं एक नव्हे. अंग मोडून येणें ही तापाची वर्दी, तर अंग आंबणें ही श्रमाची पावती. असें असतां डॉक्टरांपुढें बसल्यावर आपण सरसकट "अंग दुखतें" एवढेंच सांगतों, आणि घरांतील मंडळीही त्यावर आपापल्या समजुतीप्रमाणें निकाल देऊन मोकळी होतात: आजोबांचें दुखलें तर तो वात, नातवाचें दुखलें तर व्यायाम, आणि सुनेचें दुखलें तर "काम काय आम्हीं केलें नव्हतें?"

निकाल देण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा, तो असा कीं, दुखणें केव्हां सुरू झालें आणि दिवसाच्या कोणत्या वेळीं अधिक असतें? या एका प्रश्नानें निम्मा उलगडा होतो.

प्रथम आंबण्याचाच विचार करूं. नातू रविवारीं मित्रांबरोबर सिंहगड चढून येतो. त्या रात्रीं तो चांगला जेवतो आणि निजतो. सोमवारीं सकाळीं मांड्या जड वाटतात. मंगळवारीं जिना उतरतांना कठडा धरावा लागतो, आणि शुक्रवार-शनिवारपर्यंत सर्व विसरूनही जातें. ज्या दिवशीं श्रम केले त्या दिवशीं दुखलें नाहीं, आणि विश्रांति घेतल्यावर मात्र दुखलें, हें कोडें आहे. संवय नसलेल्या श्रमानंतर बारा ते चोवीस तासांनीं ही वेदना सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कळसास पोंचते आणि आठवड्याच्या आंत ओसरते. हा क्रम इतका नियमित आहे कीं, तो जुळला म्हणजे निदानाविषयीं फारशी शंका उरत नाहीं.

याचें कारण म्हणून बहुतेक व्यायामशाळांतून अद्यापि असें सांगतात कीं, स्नायूंत आम्ल सांचतें. हें आम्ल म्हणजे दुग्धाम्ल, ज्यास डॉक्टर लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात. शील या शास्त्रज्ञानें तें १७८० सालीं आंबलेल्या दुधांत शोधून काढिलें, आणि पुढें बर्झेलियसला तें मांसपेशींतही आढळलें. आपला "आंबणें" हा शब्द आणि आंबट दुधांतील हें आम्ल यांची गांठ इतकी सुरेख पडते कीं, ही उपपत्ति खरी असती तर आम्हांस फार आनंद झाला असता. पण ती खरी नाहीं. श्रमानें वाढलेलें हें आम्ल सुमारें तासाभरांत पूर्ववत् होतें. मग परवांच्या दिवशींच्या वेदनेशीं त्याचा संबंध कसा असणार? १९८३ सालीं अमेरिकेंत या गोष्टीची सरळ परीक्षाच घेण्यांत आली. कांहीं माणसांस सपाटीवर धांवविलें, तेव्हां रक्तांत आम्ल वाढलें पण मागाहून स्नायू दुखले नाहींत. उतारावर धांवविलें, तेव्हां आम्ल वाढलें नाहीं, आणि स्नायू मात्र दुखले.

कोड्याची किल्ली या उतारांत आहे. स्नायू दोन रीतींनीं काम करितो. पायरी चढतांना मांडीचा स्नायू आंखडत आंखडत शरीर वर उचलतो. पायरी उतरतांना तोच स्नायू ताण धरून ठेवीत हळूहळू लांबत जातो, नाहींतर आपण धाडकन् खालीं येऊं. दोर ओढून पोहरा वर घेणें आणि भरलेला पोहरा दोर हळूहळू सोडीत आंत उतरविणें यांत जो भेद, तोच येथें. आंखडतांना होणाऱ्या कामापेक्षां लांबतांना होणाऱ्या कामानें स्नायूंतील सूक्ष्म तंतूंस फार अधिक इजा पोंचते. १९८३ सालींच इंग्लंडांत माणसांस पाट्यावर एकाच पायानें चढावयास व दुसऱ्याच पायानें उतरावयास लाविलें. चढणारा पाय दमला, पण दुसऱ्या दिवशीं दुखला तो उतरणाऱ्या पायाच्या मांडीचा स्नायू. त्यापूर्वीं १९८१ त स्वीडनमध्यें जिने धांवत उतरलेल्या माणसांच्या स्नायूंचे कण घेऊन विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां तंतूंतील एरव्हीं सरळ दिसणाऱ्या आडव्या रेघा ठिकठिकाणीं विस्कटलेल्या दिसल्या. श्रमामुळें स्नायूंच्या आंत बारीक फाटाफूट होत असावी, हा तर्क अमेरिकेंतील थिओडोर हफ यांनीं १९०२ सालींच केला होता. ही इजा झाली त्या क्षणीं फारशी जाणवत नाहीं. तिच्या दुरुस्तीस शरीर लागलें म्हणजे त्या जागीं द्रव उतरतो, किंचित् सूज येते, मज्जातंतूंचीं टोकें हळवीं होतात, आणि मग स्पर्शही सोसवत नाहीं. तेव्हां आंबणें ही बहुतांशी दुरुस्तीची वेदना आहे. गवंडी घरांत शिरले कीं धूळ उडावयाचीच.

येथें आमच्या वैद्यकशास्त्रांतील एका नियमाची आठवण होते. वाग्भटानें बलवान् माणसासही थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अर्धी शक्ति संपली हें ओळखावें कसें, तर सुश्रुताच्या मतें श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. नियम उत्तम आहे, आणि चढावर तो तंतोतंत लागू पडतो. परंतु उतारावर माणसास धापच लागत नाहीं! १९५२ सालीं इंग्लंडांत दोन सायकली पाठीस पाठ लावून एका सांखळीनें जोडल्या. एकानें पुढें पायडल मारावें आणि दुसऱ्यानें त्यास विरोध करावा. दोघांचा जोर सारखाच. पण विरोध करणाऱ्यास, म्हणजे ज्याचे स्नायू ताणांत लांबत होते त्यास, प्राणवायु निम्म्याहूनही कमी लागला. म्हणजे ज्या श्रमानें दुसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दुखावयाचें, तोच श्रम करतेवेळीं सर्वांत सोपा वाटतो. गड उतरतांना मुलें उड्या मारीत येतात तीं याच भ्रमामुळें.

आतां हीच गोष्ट घरांत आणून पाहूं. दिवाळीपूर्वीं माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडीं उतरवितात. शिडीवर उभें राहून डोक्याच्या वरून जड पातेलें सांवरीत सांवरीत खालीं आणणें हें अव्वल दर्जाचें लांबत्या स्नायूंचें काम आहे. दंड, खांदे आणि पाठ यांजवर तें पडतें. नंतर ओणवें होऊन फरशा पुसणें, जड गाद्या खालीं ठेवणें, बादल्या उतरविणें, पाटावर शंभर वेळां बसणें-उठणें. यांत धाप लागत नाहीं, घामही बेताचाच येतो. म्हणून पाहणारास तें श्रमाचें काम वाटत नाहीं, आणि दोन दिवसांनीं गृहिणी खांदा धरून बसली म्हणजे "आज तर कांहींच काम नव्हतें" असा शेरा मारला जातो. गडावरून आलेल्या मुलाच्या पायांस आजी स्वतः तेल चोळते. माळा उतरविलेल्या सुनेचे दंड कोणी चोळल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. स्नायूंस मात्र गड आणि माळा हा भेद कळत नाहीं. नरकचतुर्दशीचें अभ्यंग साफसफाईच्या पाठोपाठ येतें, हा हिशेब पूर्वजांनीं मुद्दाम केला असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण योग जुळला आहे खरा. तो घरांतील पुरुषांपुरताच राहूं नये.

उपाय काय? झालेली इजा आपोआप भरून येते. ती घाईनें भरून आणणारें औषध कोणापाशीं नाहीं. तेलानें हलक्या हातीं चोळल्यास आणि ऊन पाण्यानें शेकल्यास वेदना कांहीं अंशीं कमी होते. चरकानें अंगमर्दप्रशमन म्हणून दहा औषधींचा एक गणच दिला आहे, त्यांत एरंड, चंदन, वाळा यांचा समावेश आहे. अंगदुखी ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे असें प्राचीनांस वाटत होतें एवढें तरी त्यावरून दिसतें. पडून राहण्यापेक्षां हलकें चालणें-फिरणें बरें. व्यायामाच्या आधीं व नंतर स्नायू ताणण्याची जी पद्धत आहे, तिनें ही वेदना टळते असें प्रयोगांत दिसून आलेलें नाहीं. नगण्य फरक पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र घरांतील डबींतून सहज उचलून घेऊं नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वृद्धांच्या, तसेंच रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारांच्या, प्रकृतीस घातक ठरूं शकतात.

खरा उपाय आधीं करण्याचा आहे, आणि तो संवयीचा. एकदां आंबलेला स्नायू बरा झाला म्हणजे त्याच श्रमास तो पुढें कित्येक आठवडे दाद देत नाहीं. दुसऱ्या वेळीं वेदना फारच थोडी होते. आळंदीहून निघालेल्या वारकऱ्याचे पाय पुण्याहून सासवडपर्यंतच्या सुमारें ३० किलोमीटरांच्या वाटचालींत आणि दिवेघाटांत बोलूं लागतात; पण पंढरी जवळ येते तेव्हां तेच पाय मुकाट्यानें चालत असतात. तेव्हां ज्यास गडावर जावयाचें आहे त्यानें आधीं दोन आठवडे रोज थोडे जिने उतरावे. पुण्याच्या मंडळींस पर्वती आहेच. चढून देवदर्शन घ्यावें आणि उतरतांना सावकाश, पाऊल तोलीत उतरावें. माळ्याचें काम एका दिवसांत न उरकतां चार दिवसांत वांटावें, आणि चार माणसांतही वांटावें.

अवघडणें हा प्रकार अगदीं निराळा. येथें श्रम अधिक नाहींत, उलट हालचालच नाहीं. स्नायू तासन् तास एकाच ताणांत धरून ठेविला म्हणजे तो आपल्याच आंतील रक्तवाहिन्या दाबतो, रक्त पुरेसें खेळत नाहीं, आणि मान व खांदे लांकडासारखे होतात. संगणकापुढें बसणारे चिरंजीव, मोबाइलांत मान घालून बसलेली नात, आणि ओट्याशीं वांकून तीस-चाळीस पोळ्या लाटणारी सूनबाई, हीं तिन्हीं एकाच पंक्तीचीं. पहिल्या दोघांस अर्ध्या तासानें उठून चार पावलें चालण्याचा उपदेश सर्व जण करितात. तिसरीच्या ओट्याकडे कोणी पाहत नाहीं. ओटा उभें राहिल्यावर कोपराच्या चार-सहा इंच खालीं यावा. तो गवंड्याच्या सोयीनें बांधिलेला असतो, आणि सासू उंच व सून ठेंगणी असली तर एकीचें तरी अवघडणारच. ठेंगणीस पायांखालीं रुंद, न डळमळणारा पाट पुरतो. उंच बाईकरितां पोळपाटाखालीं लांकडी ठोकळा द्यावा. मान एका बाजूस धरून सकाळीं जाग येते तेव्हां दोष बहुधा उशीचा असतो. दोन-तीन दिवसांत ती सुटते.

पोटरींत गोळे येणें याविषयीं थोडेंच सांगतों. रात्रीं गोळा आला कीं गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा आपल्याकडे ओढावा, गोळा सुटतो. वरचेवर येऊं लागल्यास, विशेषतः लघवी अधिक व्हावी म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या घेणारांस, डॉक्टरांस सांगावें.

अंग मोडून येणें म्हणजे बहुधा ताप येऊं घातला आहे. रोगजंतूंशीं लढतांना शरीर जीं द्रव्यें सोडतें त्यांनींच स्नायू दुखतात. पावसाळ्यानंतर डेंग्यू व चिकनगुन्या यांचे दिवस असतात. आफ्रिकेंतील माकोंडे भाषेंत चिकनगुन्या या शब्दाचा अर्थच वांकून जाणें असा आहे. डेंग्यूची शंका असतां ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन घेऊं नये, त्यानें रक्तस्राव होण्याचें भय असतें. पॅरासिटॅमॉल बेतानें चालतें.

आतां ज्या दुखण्याकरितां हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. श्रम नाहींत, ताप नाहीं, आठवडे लोटले तरी ओसरत नाहीं, असें दुखणें आंबणें नव्हे. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या घरांतील सून दोन वर्षें अंग दुखतें म्हणून सांगत होती. दुपारीं ती आडवी होई, तेव्हां घरांत त्याची चर्चा होई. तिला थंडी फार वाजे, अन्न बेताचें असून अंग जड होत चाललें, केंस गळत, आवाज घोगरा झाला; हें सर्व सर्वांस दिसत होतें, आणि एकाचा दुसऱ्याशीं संबंध कोणी जोडिला नाहीं. माहेरपणास आलेल्या नणंदेनें तिला हट्टानें डॉक्टरांकडे नेलें. रक्त तपासतां गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंदावल्याचें दिसलें. रोज सकाळीं एक लहानशी गोळी सुरू झाली आणि कांहीं महिन्यांत अंग हलकें झालें. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत फार अधिक आढळतो, आणि तो एका रक्तपरीक्षेनें कळतो.

त्याच्या जोडीचें दुसरें कारण ड जीवनसत्त्वाचा अभाव. आपल्या देशांत ऊन उदंड. पण घर, वाहन आणि कचेरी यांच्या आंत दिवस काढणारांच्या कातडीस तें पोंचत नाहीं. मांड्या व कंबर यांत खोल ठसठस, जिना चढतांना पाय न उचलणें, आणि मांडी घालून बसल्यावर हात टेकल्यावांचून उठतां न येणें, हीं त्याचीं चिन्हें. वय झालें म्हणून तें सोडून देऊं नये. मात्र मोठ्या मात्रेच्या पुड्या व गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्यानें महिनोन् महिने घेणें हेंही अपायकारक आहे. रक्त तपासून डॉक्टरांनीं सांगितलें तेवढेंच घ्यावें.

वृद्धांविषयीं सकाळचा तास महत्त्वाचा. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटें सांधे धरून ठेवतात आणि चालूं लागल्यावर मोकळे होतात, हें वयाचें व झिजेचें लक्षण समजावें. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसास कांहीं आठवड्यांत एकाएकीं दोन्ही खांदे व दोन्ही नितंब धरूं लागले, सकाळीं पाऊण तासावर ताठरपणा टिकला, केंस विंचरण्यास हात वर जाईना, अंथरुणांत कूस बदलतां येईना, तर तें झीज नव्हे. पॉलिमायाल्जिया नांवाचा एक दाहाचा विकार असा येतो. तो आपल्याकडे तुलनेनें विरळा असला तरी ओळखला गेल्यास योग्य औषधाच्या अल्प मात्रेनें रुग्ण थोड्याच दिवसांत उठून हिंडूं लागतो, आणि न ओळखल्यास महिनोन् महिने "वात" म्हणून पडून राहतो. त्याच्या जोडीनें कानशिलांत दुखूं लागलें, चावतांना जबडा दुखला, किंवा दृष्टींत फरक वाटला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. त्यांत डोळे जाण्याचें भय असतें. मधुमेह असणारांचा एकच खांदा हळूहळू जखडत जाणें हा प्रकार निराळा, व पुष्कळ आढळणारा आहे.

आणखी तीन प्रसंगीं उशीर करूं नये. अति व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली; एकच पोटरी सुजून दुखूं लागली; किंवा छाती, डावा हात, जबडा यांत श्रमाबरोबर दुखून दम लागूं लागला. पहिल्या प्रसंगीं मूत्रपिंडास, दुसऱ्यांत फुफ्फुसास आणि तिसऱ्यांत हृदयास धोका असतो. तेल चोळीत बसण्याचे हे प्रसंग नव्हेत. सुजलेली पोटरी तर चोळूंच नये.

शेवटीं कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांविषयीं, कारण त्या पुष्कळ घरांतून आहेत आणि त्यांनीं अंग दुखतें अशी वदंता आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. थोड्या लोकांचे स्नायू या स्टॅटिन गोळ्यांनीं खरोखर दुखतात, आणि क्वचित् गंभीर इजाही होते. पण २०२० सालीं विलायतेंत एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रासामुळें ही गोळी सोडून दिलेल्या ६० माणसांस वर्षभर कांहीं महिने खरी गोळी, कांहीं महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कांहीं महिने कांहींच नाहीं, असें आलटून पालटून दिलें. त्रासाची नोंद रोज ठेविली. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रास कमी होता. पण खऱ्या गोळीचा त्रास आणि पोकळ गोळीचा त्रास जवळजवळ सारखाच भरला. त्रास खोटा नव्हता, तो गोळींतल्या औषधाचा नव्हता इतकेंच. म्हणून अंग दुखतें एवढ्यावरून ही गोळी आपल्या विचारानें बंद करूं नये. डॉक्टरांस सांगावें, ते रक्त तपासून मात्रा कमी करितील, गोळी बदलतील किंवा कांहीं दिवस थांबवून पाहतील. सांगतांना दुखणें कोणत्या महिन्यापासून आहे, सकाळीं अधिक कीं संध्याकाळीं, आणि त्याच सुमारास घरांत कोणतें नवें औषध किंवा नवें काम सुरू झालें, हें कागदावर लिहून न्यावें.

गुडघ्यांचें दुखणें आम्हीं येथें मुद्दामच घेतलें नाहीं. तो स्नायूंपेक्षां सांध्यांचा विषय असून त्याविषयीं दोन वाचकभगिनींचीं पत्रें आलीं आहेत. त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.